भीती चुकीच्या आकड्याची

राउटरचा, सेट-टॉप बॉक्सचा किंवा पाण्याच्या प्युरिफायरचा अडॅप्टर बिघडला, की नवा घ्यायला निघालेला माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जावो, पुण्याच्या तपकीर गल्लीत जावो की गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, तो बहुधा दोनच गोष्टी पाहतो. आधी पिन बसते का ते बघतो. मग विचारतो, ‘जुना एक अँपिअरचा होता, हा दोनचा आहे. जास्त करंट जाऊन मशीन जळणार तर नाही ना?’ पिन बसली म्हणून तो निश्चिंत होतो आणि अँपिअर जास्त म्हणून धास्तावतो. दोन्ही ठिकाणी त्याचा अंदाज उलटा असतो. पिन बसण्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही, आणि अँपिअर जास्त असल्याने सहसा काहीच बिघडत नाही. यंत्र जाळणारा आकडा त्याच लेबलवर अँपिअरच्या शेजारी असतो. तो व्होल्टचा आकडा, आणि त्याच्याबद्दल दुकानात क्वचितच कोणी विचारतो. या उलट्या भीतीपायी लोक कमी क्षमतेचे अडॅप्टर घेतात, मग यंत्रे अडखळतात, बंद पडतात आणि धडधाकट असूनही भंगारात जातात. म्हणून हा हिशेब एकदा मुळापासून समजून घ्यायला हवा.

अडॅप्टरच्या पाठीवर दोन ओळी असतात. ‘इनपुट’च्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ आणि अर्धा-पाऊण अँपिअर असे काहीतरी असते. हा भिंतीतल्या सॉकेटकडचा हिशेब आहे; यंत्राशी त्याचा संबंध नाही. घाईत अनेकजण याच ओळीतला अँपिअरचा आकडा वाचतात आणि फसतात. यंत्राच्या कामाची ओळ ‘आउटपुट’ची. तिथे समजा १२ व्होल्ट, २ अँपिअर लिहिले आहे. हे दोन आकडे शेजारी बसले असले तरी त्यांचा स्वभाव वेगळा आहे. १२ व्होल्ट म्हणजे हा अडॅप्टर चालू असेपर्यंत कायम देत राहील तो दाब. २ अँपिअर म्हणजे गरज पडली तर जास्तीत जास्त इतका प्रवाह तो पुरवू शकेल अशी मर्यादा. आता यंत्राच्या मागे किंवा खाली लिहिलेले वाचावे. तिथे १२ व्होल्ट, १ अँपिअर असेल, तर त्याचा अर्थ असा, की यंत्राला १२ व्होल्टच लागतात आणि कामाचा भार सर्वांत जास्त असताना ते एक अँपिअरपर्यंत ओढते. एकीकडे गरज लिहिली आहे, दुसरीकडे कुवत. गरजेपेक्षा कुवत जास्त असल्याने गरज वाढत नाही.

ती का वाढत नाही, हे गेऑर्ग ओम या जर्मन संशोधकाने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमातून दिसते. शाळेत तो आपण सगळ्यांनी घोकलेला असतो, पण अडॅप्टर विकत घेताना तो आठवत नाही. वाहकातून किती प्रवाह वाहेल हे दोनच गोष्टी ठरवतात : त्याच्या दोन टोकांना लावलेला दाब आणि त्याचा स्वतःचा रोध. दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. सहा ओहम रोधाचा तापतंतू १२ व्होल्टला जोडला तर त्यातून दोन अँपिअर वाहतील. पुरवठा दोन अँपिअरचा असो, वीसचा असो किंवा दोनशेचा, भागाकार तोच राहतो, कारण पुरवठ्याची कुवत त्या गणितात येतच नाही. राउटर किंवा टीव्हीचा बॉक्स साध्या तारेपेक्षा गुंतागुंतीचा असतो. क्षणोक्षणी त्याची गरज बदलते. वायफायवर चार फोन जोडले की वाढते, रात्री सगळे झोपले की घटते. पण त्या क्षणाला किती ओढायचे हे यंत्राच्या आतले सर्किटच ठरवते. अडॅप्टर फक्त १२ व्होल्ट टिकवून धरतो.

याचा पुरावा प्रत्येक घरात आहे. गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या डीपीत, म्हणजे वीज कंपनीच्या भाषेत रोहित्रात, समजा १०० केव्हीएची क्षमता आहे. असे रोहित्र एका फेजवर १३० अँपिअरच्या वर प्रवाह सहज देऊ शकते. त्याच्याच तारेवर आपल्या स्वयंपाकघरातला मिक्सर चालतो, देवघरातला इवलासा झिरोचा दिवा चालतो आणि अँपिअरचा जेमतेम दहावा भाग ओढणारा मोबाइलचा चार्जरही चालतो. एवढी अवाढव्य कुवत पाठीशी असून तो दिवा जळून जात नाही. सॉकेटचेही तसेच. आपल्याकडे ६ अँपिअरचे आणि १६ अँपिअरचे असे दोन प्रकारचे पॉइंट असतात. जुनी मंडळी त्यांना पाच आणि पंधरा अँपिअरचे म्हणतात. मोबाइलचा चार्जर १६ अँपिअरच्या पॉइंटला लावताना कोणीही बिचकत नाही. उलट २००० वॅटचा गीझर ६ अँपिअरच्या पॉइंटला लावायला वायरमन हरकत घेतो. तो गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे सॉकेट तापेल, वितळेल हे त्याला माहीत असते. भिंतीतल्या विजेच्या बाबतीत हा विवेक आपल्या अंगवळणी पडला आहे. तीच वीज काळ्या डबीतून १२ व्होल्ट होऊन बाहेर आली की मात्र आपण तो विसरतो.

डीपीचेच उदाहरण आणखी पुढे नेता येते, कारण त्यात व्होल्ट आणि अँपिअर यांचा फरक महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. कधी डीपीवरची न्यूट्रलची तार तुटते. मग दोन फेजमधला दाब घरांमध्ये भारानुसार वाटेल तसा विभागला जातो. एखाद्या घरात २३० ऐवजी साडेतीनशे व्होल्टसुद्धा येतात आणि गल्लीतले टीव्ही, पंखे, बल्ब एका झटक्यात जातात. डीपीची अँपिअरची कुवत तुटण्याआधी होती तेवढीच असते. बदललेला असतो फक्त दाब. आता याच्या उलट बाजू. उन्हाळ्यात एकाच डीपीवर कुवतीपेक्षा जास्त कृषिपंप चालू झाले की दाब घसरतो. पाच एचपीची मोटार गुरगुरते, नीट उचलत नाही, जास्त प्रवाह ओढायला लागते आणि तिचे वाइंडिंग जळते. ‘कमी व्होल्टेजने मोटार जळाली’ हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी नेहमीचे आहे. ‘डीपी मोठा बसवला म्हणून मोटार जळाली’ असे कोणी म्हणत नाही. उलट मोठ्या डीपीसाठी अर्ज केले जातात, मोर्चे निघतात. पुरवठा गरजेपेक्षा मोठा असणे ही सुरक्षितता आहे आणि लहान असणे हा धोका, हे ज्याला शेतात कळते, त्याला अडॅप्टरच्या बाबतीतही ते कळायला हरकत नाही.

लहान पुरवठ्याचे दुष्परिणाम घरातल्या यंत्रांत दिसतात, पण ते ओळखू येत नाहीत, कारण यंत्र चटकन जळत नाही. ते विचित्र वागायला लागते. सोसायटीतल्या कॅमेऱ्यांचे उदाहरण घ्यावे. दिवसभर चित्र स्वच्छ येते आणि अंधार पडला की दोन कॅमेरे बंद पडतात, सकाळी पुन्हा आपोआप सुरू होतात. कॅमेरे बदलले जातात, तरी दोष राहतो. होते असे, की अंधार पडताच कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि त्याची प्रवाहाची गरज दुपटीच्या घरात जाते. दिवसा चार कॅमेऱ्यांना कसाबसा पुरणारा पुरवठा रात्री अपुरा ठरतो, दाब खाली येतो आणि ज्यांच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोचतो ते कॅमेरे आधी गळतात. जिथे चोवीस तासांत रात्रच महत्त्वाची, तिथे नेमकी रात्रच आंधळी होते. चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरची गोष्ट अशीच. त्यातली हार्ड डिस्क फिरत असताना थोडाच प्रवाह घेते, पण थांबलेली तबकडी फिरवायला लागणारे पहिले काही क्षण ती १२ व्होल्टवर दीड ते दोन अँपिअर मागते. अडॅप्टर तेवढे देऊ शकला नाही की दाब कोसळतो, डीव्हीआर बंद होतो, भार हलका होताच पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा डिस्क फिरवायला जातो. हे चक्र तासन्‌तास चालते आणि दोष डीव्हीआरच्या माथी मारला जातो. प्युरिफायरचा पंप, छोटा पंखा, प्रिंटर अशा मोटार असलेल्या सगळ्या वस्तूंना सुरुवातीचा धक्का मोठा लागतो. सरासरी वापरावरून त्यांचा पुरवठा निवडता येत नाही.

आजच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांमध्ये आणखी एक गुंता आहे. राउटरच्या आतली चिप १२ व्होल्टवर चालत नाही. आतले एक छोटे सर्किट १२ व्होल्टचे साडेतीन व्होल्टहूनही कमी करून तिला देते. चिपला हवी तेवढी शक्ती मिळालीच पाहिजे, यासाठी ते सर्किट झटत असते. बाहेरून येणारा दाब घटला तर तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी ते जास्त प्रवाह ओढते. १२ व्होल्टवर एक अँपिअर घेणारे यंत्र १० व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या जवळ जाते. म्हणजे आधीच दमलेल्या अडॅप्टरवर भार आणखी वाढतो, दाब आणखी पडतो. शेवटी अडॅप्टरमधले संरक्षण जागे होते आणि तो धापा टाकल्यासारखा क्षणभर चालू, क्षणभर बंद होत राहतो. त्याच्यावरचा हिरवा दिवा लुकलुकतो. अशा वेळी दुरुस्ती करणारा ‘हा लोड घेत नाही’ म्हणतो, ते अगदी अचूक निदान असते. पण घरी मल्टिमीटर असलेला माणूस अडॅप्टर मोकळा ठेवून मोजतो, पडद्यावर १२.१ दिसते, आणि तो राउटरच बिघडला असे ठरवतो. मीटर स्वतः एखाद-दुसरा मायक्रोअँपिअर ओढतो. तेवढ्याने अडॅप्टरची परीक्षा होत नाही. मोजायचे तर यंत्र जोडून, ते कामात असताना मोजायला हवे.

आता पिनेकडे वळू. बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाडीची गोल पिन ही बाजारातली सर्वांत प्रचलित पिन आहे आणि तिच्यावर कोणत्याही एका दाबाची मक्तेदारी नाही. पाच व्होल्टचे उपकरण, नऊ व्होल्टचा राउटर, १२ व्होल्टचा सेट-टॉप बॉक्स, यांना तीच पिन असू शकते. २४ व्होल्टवर चालणाऱ्या प्युरिफायरचा अडॅप्टर त्याच घरात, कधी त्याच टेबलावर पडलेला असतो. तो १२ व्होल्टच्या राउटरला लागला तर बहुतेक वेळा राउटर तिथेच संपतो. खरी चूक ही आहे आणि ती पिन बसल्यामुळेच घडते. पिनेच्या आतल्या भोकाचे माप २.१ आणि २.५ मिलिमीटर असे दोन प्रकारचे असते, त्यामुळे कधी पिन बसल्यासारखी वाटते पण आत नीट टेकत नाही आणि हलवली की यंत्र बंद होते. शिवाय आतला भाग धन की ऋण हेही पाहावे लागते. बहुतेक ठिकाणी आतला धन असतो, पण गिटारच्या पेडलसारख्या काही वस्तूंमध्ये तो ऋण असतो. लेबलवर मधल्या टिंबाचे आणि त्याभोवतीच्या कंसाचे छोटे चित्र असते, ते अडॅप्टरवर आणि यंत्रावर सारखेच असायला हवे. काही जुने अडॅप्टर तर बाहेरही एसीच देतात. त्यांच्या आउटपुटपुढे लाटेसारखे चिन्ह असते, आणि डीसीवर चालणाऱ्या यंत्राला ते चालत नाहीत. व्होल्ट, धन-ऋण आणि एसी-डीसी एवढे जुळले, की मगच अँपिअरकडे यावे, आणि तिथे फक्त एवढेच बघावे की ते कमी नाहीत.

यावर जाणकार माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. जुन्या रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या काळात ‘जास्त अँपिअरचा एलिमिनेटर लावू नको’ असे मेकॅनिक सांगत, ते काय खोटे होते? खोटे नव्हते. त्या जड डब्यांमध्ये लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि एक कपॅसिटर एवढाच ऐवज असे. दाब स्थिर ठेवणारे सर्किट त्यात नसे. डब्यावरचे नऊ व्होल्ट हे पूर्ण भार असताना मिळत; भार नसताना तोच डबा १२-१३ व्होल्ट दाखवी. एक अँपिअरचा असा डबा शंभर मिलिअँपिअरच्या छोट्या रेडिओला लावला, तर त्याच्या दृष्टीने तो जवळजवळ मोकळाच असे आणि रेडिओला नऊऐवजी बारा व्होल्ट मिळत. रेडिओ जळे तो जादा दाबाने. पण तो दाब अँपिअरच्या मोठ्या आकड्याबरोबर येई, म्हणून दोष अँपिअरला गेला. त्या काळचा सल्ला अनुभवाचा होता. आजचे हलके अडॅप्टर वेगळ्या जातीचे आहेत. ते आउटपुटचा दाब सतत मोजतात आणि एका सेकंदात हजारो वेळा स्वतःला सावरतात. भार रिकामा असो वा पूर्ण, १२ चे १२च राहतात. यंत्रणा बदलली, सल्ला मात्र राहिला, आणि आज तोच लोकांना कमी क्षमतेच्या अडॅप्टरकडे ढकलतो आहे. माळ्यावरचा एखादा जुना, वजनदार डबा वापरायचा असेल तरच तो सल्ला अजून पाळावा.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा. ६५ वॅटच्या चार्जरने जुन्या फोनची बॅटरी फुगेल, असे अनेकांना वाटते. इथेही सूत्रे फोनकडे आहेत. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा हे ठरवणारे सर्किट फोनच्या आत असते. भिंतीला लावतो तो फक्त पुरवठा. यूएसबीचा इतिहास म्हणजे हे ठरवण्याची पद्धत हळूहळू सुधारत गेल्याचा इतिहास आहे. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमाने ५०० मिलिअँपिअर मिळत. पुढे चार्जिंगसाठी वेगळा नियम आला आणि दीड अँपिअरपर्यंत मजल गेली. टाइप-सीमध्ये पाच व्होल्टवर तीन अँपिअर मिळू लागले. यापुढे शक्ती वाढवायची तर दाबच वाढवावा लागणार होता. त्यासाठी फोन आणि चार्जर यांच्यात आधी संवाद होतो. चार्जर सुरुवातीला पाच व्होल्टच देतो, आपण काय-काय देऊ शकतो ते कळवतो, आणि फोनने मागितले तरच नऊ, पंधरा किंवा वीस व्होल्टवर जातो. २०२१ सालच्या नियमावलीने ही मर्यादा ४८ व्होल्ट, ५ अँपिअर, म्हणजे २४० वॅटपर्यंत नेली. ज्या फोनला ही भाषा येत नाही तो काही मागत नाही, आणि त्याला पाचच व्होल्ट मिळतात. जलद चार्जिंगमुळे बॅटरी थोडी जास्त तापते हे खरे, पण ती मागणी फोन बनवणाऱ्याने स्वतः फोनमध्ये घातलेली असते. लॅपटॉपचेही हेच : १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा ६५ वॅटचा लॅपटॉप त्याच दाबाच्या आणि त्याच पिनेच्या ९० वॅटच्या अडॅप्टरवर निर्धास्त चालतो. उलट ९० वॅटच्या लॅपटॉपला ६५ चा लावला, तर तो तापेल किंवा लॅपटॉप तो ओळखून स्वतःचा वेग कमी करेल.

मात्र एका ठिकाणी हा नियम खरोखर लागू होत नाही, आणि ते ठिकाण आता घराघरांतल्या छताला आहे. एलईडीच्या पॅनेल लाइटमागचा छोटा ड्रायव्हर अडॅप्टरसारखाच दिसतो, पण त्याचे लेबल उलटे वाचायचे असते. त्यावर ३०० मिलिअँपिअर आणि २४ ते ४२ व्होल्ट असे काही लिहिलेले असते. म्हणजे इथे प्रवाह ठाम आहे आणि दाब एका पट्ट्यात मागेपुढे होतो. याचे कारण एलईडीच्या स्वभावात आहे. तिच्यावरचा दाब किंचित वाढला तरी प्रवाह बेसुमार वाढतो. शिवाय ती तापली की त्याच दाबाला आणखी जास्त प्रवाह घेते. ती स्वतःला आवरू शकत नाही, म्हणून ड्रायव्हरने तिला आवरायचे असते. ३०० च्या पॅनेलला ६०० चा ड्रायव्हर लावला तर तो काही दिवस झगझगीत उजळेल आणि मग जाईल. इथे अँपिअर तंतोतंत जुळवावे लागतात. बॅटरी थेट चार्ज करताना असेच. घरच्या इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या बॅटरीला साधारण १५ अँपिअरने चार्ज करावे, हा दहा टक्क्यांचा ठोकताळा त्यातूनच आला. तिथे प्रवाहाला लगाम चार्जरच घालतो. लेबलवर मिलिअँपिअर ठाम आणि व्होल्टचा पट्टा दिसला, की नियम बदलला हे ओळखावे. पण गणपतीच्या मखराला लावतो त्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्ट्या या अपवादात येत नाहीत. त्यांच्यात प्रत्येक तीन दिव्यांमागे रोध बसवलेला असतो, म्हणून त्यांना नेहमीचाच नियम लागू होतो. मीटरला १४.४ वॅटची पट्टी पाच मीटर लावली की ७२ वॅट होतात, म्हणजे सहा अँपिअर. बाजारात अशा पट्टीबरोबर सर्रास पाच अँपिअरचा अडॅप्टर दिला जातो, आणि तो मखराच्या थर्माकोलमागे किंवा कापडामागे दहा दिवस तापत राहतो. त्यापेक्षा आठ किंवा दहा अँपिअरचा घेणे किती तरी शहाणपणाचे.

मोठा अडॅप्टर सुरक्षित आहे, या म्हणण्याला एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. यंत्र धड आहे तोवर ते हवे तेवढेच ओढते. पण तार दबून शॉर्ट झाली, तर ओढणाऱ्याला लगाम उरत नाही. दोन अँपिअरचा अडॅप्टर अशा वेळी लगेच बंद पडतो. ३० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे मोठा पॉवर सप्लाय, मात्र तो दोष एक मोठा भार समजून ३६० वॅटपर्यंत ओतत राहतो, आणि केसासारखी बारीक तार लाल होते. म्हणून मोठ्या पुरवठ्यावरून बारीक तारा काढायच्या तर प्रत्येक तारेला तिच्या जाडीप्रमाणे फ्यूज हवा. कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या चांगल्या पॉवर सप्लाय बॉक्समध्ये प्रत्येक वाटेला वेगळा फ्यूज असतो तो यासाठीच. घरातला एमसीबीही तारेचेच रक्षण करतो. एक अँपिअरच्या राउटरला दोन-तीन अँपिअरचा अडॅप्टर लावताना ही काळजी करण्याचे कारण नाही. पण एका अँपिअरच्या कामासाठी ३० चा डबा आणून त्याला उघड्या तारा जोडणे हे धाडस आहे. गरजेपेक्षा पाव ते अर्धा पट जास्त ही घरासाठी चांगली मोजणी. एवढी सवलत ठेवली की अडॅप्टर कमी तापतो, आणि तापण्याचा त्याच्या आयुष्याशी थेट संबंध आहे : आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर, बंद कपाटात, पूर्ण क्षमतेने राबणारा अडॅप्टर लवकर का मरतो हे यातून समजते. मोठ्या अडॅप्टरने बिल वाढते ही शंकाही निराधार आहे. आजचा चांगला छोटा अडॅप्टर नुसता सॉकेटला अडकलेला असताना एक दशांश वॅटच्या आत खातो. वर्षभरात ते एक युनिटही होत नाही.

कधी पुरेसा अडॅप्टर लावूनही यंत्र चालत नाही, तेव्हा दोष बहुधा मधल्या तारेत असतो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेने ५० मीटर लांबच्या कॅमेऱ्याला वीज नेली, तर जाता-येता शंभर मीटर तार होते आणि तिचा रोध साडेतीन ओहमच्या जवळ जातो. अर्धा अँपिअर वाहताना तिथेच पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात आणि कॅमेऱ्यापर्यंत सव्वादहाच पोचतात. इथे दहा अँपिअरचा अडॅप्टर आणला तरी आकडा बदलत नाही. तार जाड करावी लागते किंवा पुरवठा कॅमेऱ्याजवळ न्यावा लागतो. फोन सावकाश चार्ज होतो तेव्हाही अनेकदा चार्जर निर्दोष असतो आणि बारीक, स्वस्त केबल दोषी असते. टाइप-सीच्या साध्या केबलला तीन अँपिअरचीच परवानगी असते. पाच अँपिअर हवे तर केबलच्या टोकात तशी ओळख सांगणारी चिप लागते.

हा सगळा हिशेब लेबल खरे बोलते या विश्वासावर उभा आहे, आणि आपल्या बाजारात तोच सर्वांत कच्चा आहे. दोन अँपिअर छापलेला, मुठीत हलका लागणारा अडॅप्टर प्रत्यक्षात एकालाच हाशहुश करतो. केंद्र सरकारच्या आदेशाने संगणकीय उपकरणांच्या अडॅप्टरना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची झाली, आणि पुढे ती आणखी वस्तूंना लागू झाली. नोंदणी असलेल्या अडॅप्टरवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, ब्युरोच्या ॲपवर तो पडताळून पाहता येतो. चाळीस रुपये वाचवण्यासाठी हा क्रमांक नसलेला अडॅप्टर घेणे म्हणजे २३० व्होल्ट आणि आपला हात यांच्यामधले अंतर विकत देणे आहे, कारण निकृष्ट अडॅप्टरमध्ये या दोन बाजूंमधले विलगीकरणच धड नसते. दुसरी मागणी उत्पादकांकडे करायला हवी. यंत्राला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात हे पिनेच्या भोकाशेजारी, प्लॅस्टिकमध्ये कोरून, चष्म्याविना वाचता येईल इतके ठळक लिहावे. आज ते अनेकदा तळाच्या कागदी स्टिकरवर राखाडी अक्षरांत असते आणि दोन वर्षांत पुसून जाते. साच्यात आठ अक्षरे कोरायला उत्पादकाला एकदाच खर्च येतो. तोवर घरी करण्यासारखे एक काम आहे : नवे यंत्र खोक्यातून काढले की त्याचे नाव आणि आकडे पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ती त्याच्या अडॅप्टरला लावून टाकावी, आणि तेच आकडे यंत्राच्या पाठीवरही लिहावेत.